शेवटच्या खंडातला शब्द

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं नाही. ती गेली तेव्हा निदान तिला तरी सांगायला हवं होतं असं वाटलं, पण तेही चार दिवसांत विरून गेलं. निवृत्तीच्या समारंभात, मुलाच्या लग्नात, जुन्या मित्रांच्या गप्पांत हा विषय कितीदा तरी अगदी जवळून गेला आणि दर वेळी मी पाणी प्यायला उठलो. या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हाही शाळा, बाबांचे डोळे, वर्तमानपत्रातली वर्षं असं सगळं लिहून काढलं आणि या जागी दोन-चार कोरी पानं सोडून पुढं गेलो. नोकरीबद्दल फक्त एवढंच लिहिलं की ती वकीलकाकांच्या शिफारशीनं लागली. ते खोटं नाही. पण ते वाचून कोणाला खरं काय झालं ते कळणार नाही, आणि म्हणूनच मी ते तसं लिहिलं होतं.

आम्ही तेव्हा इतवारीत एका पिठाच्या गिरणीच्या मागं दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. दिवसभर पट्ट्याचा फटफट आवाज भिंतीतून येत राहायचा आणि गिरणी बंद झाली की कानांना काही क्षण दडे बसल्यासारखं व्हायचं. घरात सगळ्यावर पिठाचा बारीक थर असे. भांडी, वह्या, बाबांची टोपी. आई म्हणायची, "दळण फुकट मिळतं आपल्याला, फक्त भिंतीवरून खरवडून घ्यावं लागतं." बाबा कचेरीत नक्कलनवीस होते. आयुष्यभर दुसऱ्यांचे इंग्रजी निवाडे सुवाच्य अक्षरात उतरवून काढता काढता त्यांचे डोळे गेले, म्हणजे अगदी आंधळे झाले नाहीत, पण नोकरी सोडावी लागली. सकाळी भिंग घेऊन, वर्तमानपत्र नाकाला टेकवून ते एक एक ओळ मोठ्यानं वाचायचे. त्यांना अर्धी समजायची, पण इंग्रजीचा आवाज त्यांना आवडायचा. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. घरात कोणी उघड बोलत नसे, पण मी इंग्रजीच्या जोरावर कुठंतरी चिकटलो की मामाकडून येणारी मदत थांबवता येईल, हे आईच्या प्रत्येक हालचालीत दिसायचं.

सुखदेव माझ्या वर्गात होता. तो इंदोऱ्याहून सायकलीनं यायचा. त्याचे वडील कापडाच्या मिलमध्ये होते, आणि त्या वस्तीतल्या बहुतेक घरांसारखी त्यांच्याही घरानं तो लहान असताना बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. उंच, काटक, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. आमची मैत्री शब्दांवरून झाली. साधे शब्द नव्हेत. जे इंग्रज माणसंसुद्धा विसरून गेली असे जुने, वापरातून गेलेले शब्द. त्यांचे अर्थ, ते कुठून आले, कसे मेले. हा नाद आम्हा दोघांना कसा लागला ते आता नीट सांगता येत नाही. इतर मुलं सिनेमाची गाणी पाठ करायची, आम्ही हे करायचो. 'ओव्हरमॉरो' म्हणजे परवा, हे ज्या दिवशी त्याला कळलं त्या दिवशी तो कॉलेजच्या पायऱ्यांवर हसून हसून बसला होता. "अबे वसंता, हे साहेब लोक परवा हा शब्दच हरवून बसले! आपल्याकडं परवा आहे, तेरवा आहे. ह्यायचं राज्य टिकणार कसं? उद्याच्या पुढं विचारच नाही." त्याचे वडील पाळी करून घरी आले की तो त्यांना म्हणायचा, "बाबा फॉरस्वंक होऊन आले." काम करकरून पार गळून गेलेला माणूस, असा त्या शब्दाचा अर्थ. 'स्विंक' म्हणजे राबणं. वडील म्हणायचे, "शिवी देते का बे मले?" आणि हसायचे.

तो आमच्या घरी यायचा. आईला तो आवडायचा, हेही लिहायला हवं आणि हेही, की त्याचा चहाचा गिलास वेगळ्या फळीवर असायचा. तो स्वतःच उठून तो विसळायचा. एकदा म्हणाला, "काकू, माह्या गिलासावर नाव टाका बरं, नाहीतर वसंता चोरून पिऊन जाईल यातला." आई ओशाळून हसली. दुसऱ्या दिवशीही गिलास त्याच फळीवर होता. मी काही बोललो नाही. मी त्या काळात फार गोष्टींवर बोलत नसे.

धंतोलीत एका बंगल्याच्या व्हरांड्यात दर रविवारी सकाळी शब्दांची बैठक भरायची. तिचे यजमान एक निवृत्त वकील. आम्ही त्यांना वकीलकाका म्हणायचो. पाच-सहा माणसं, बहुतेक पन्नाशीच्या पुढची, त्यात आम्ही दोघंच पोरसवदा. मधल्या टेबलावर एका जुन्या, अनेक खंडांच्या इंग्रजी शब्दकोशाचे जाडजूड खंड ओळीनं मांडलेले असत. ज्याची पाळी तो एक दुर्मीळ शब्द सांगायचा, त्याचा अर्थ, त्याचं मूळ आणि आपण तो कुठं वाचला ते. मग काका शांतपणे खंड उघडून तपासायचे. कोर्टात चाळीसेक वर्षं गेलेली असल्यामुळं ते सगळं तिथल्याच भाषेत चालायचं. शब्द खरा निघाला की "दाखल" म्हणायचे. खोटा निघाला तर "खोटी साक्ष", आणि खोटी साक्ष देणाऱ्यानं चपला घालून निघून जायचं, पुन्हा यायचं नाही. असं पूर्वी एकदाच झालं होतं म्हणे.

अडचण एवढीच होती की शब्दकोशाचा शेवटचा खंड, यू या अक्षरापासून पुढचा, बांधणीला दिला होता आणि तो बांधणारा माणूस दुकान बंद करून कुठं गेला ते कोणालाच कळलं नव्हतं. म्हणून त्या अक्षरांच्या शब्दांसाठी काकांनी जामिनाची पद्धत पाडली होती. शब्द सांगणाऱ्यानं सांगायचा, आणि बैठकीतल्या आणखी एकानं उभं राहून म्हणायचं, मलाही ठाऊक आहे, मी जामीन आहे. एवढं पुरे असायचं. काका म्हणायचे, "सभ्य माणसाचा शब्द हा शब्दकोशच आहे." एका रविवारी मी 'वॅनहोप' सांगितला. वॅन म्हणजे उणं, ज्याच्यातून आशा वजा झाली आहे अशी मनाची अवस्था. खंड नव्हता. काकांनी "जामीन?" विचारायच्या आत सुखदेव उभा राहिला होता. त्यानं तो शब्द कुठं वाचलेला नव्हता. आदल्या संध्याकाळी रस्त्यानं चालताना माझ्या तोंडून ऐकला होता, तेवढंच. परत जाताना मी त्याला म्हटलं, "तू तर वाचला नव्हतास." तो म्हणाला, "तू वाचला ना? मग झालं."

आम्ही कधीकधी सायकलींवरून कामठीला जायचो. छावणीच्या बाजारात एक रद्दीवाला होता. जुन्या साहेबांच्या बंगल्यांतून निघालेली पुस्तकं, नकाशे, मासिकांचे गठ्ठे त्याच्याकडं किलोवर यायचे आणि फुटाण्यांच्या पुड्या होऊन किलोवरच जायचे. आम्हाला विकत घेणं जमत नसे, म्हणून उभ्या उभ्या वाचायचो. तो ओरडेपर्यंत. उन्हाळ्याची सुरुवात होती. दुकानाच्या मागच्या बाजूला पोत्यांवर बसून सुखदेवनं एक कव्हर गेलेलं पुस्तक उघडलं. इंग्लंडातल्या खेड्यांतल्या माणसांच्या तोंडचे शब्द कोणीतरी गोळा केले होते. तो वाचत होता, मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. "अन्किड," त्यानं वाचलं, आणि थांबला. "ऐक. एकटी, भकास, जिवाला घोर लावणारी जागा. संध्याकाळी रिकामं घर असते ना, तसं. आणि मूळ बघ. किड म्हणजे ओळख करून दिलेलं. अन्किड म्हणजे ज्याची कोणी ओळखच करून दिली नाही." मी म्हटलं, म्हणजे नुसतं अनोळखी? तो म्हणाला, "नाही गा. अनोळखी वेगळं. हे म्हणजे, कोणी तरी करून द्यायला पाहिजे होती, अन् दिली नाही. म्हणून ते भेसूर झालं." हे शेवटचं पुस्तकात नव्हतं, त्याचं होतं. पण शब्द पुस्तकात होता. पान पिवळं होतं, कोपऱ्यात शाईचा डाग होता आणि मी ते माझ्या डोळ्यांनी वाचलं होतं. आजही ते पान मला दिसतं, कधीकधी मी ज्या पानावर लिहीत असतो त्याच्या खालून वर आल्यासारखं.

पावसाळा संपता संपता काकांच्या ओळखीच्या एका इंग्रजी वर्तमानपत्राला प्रुफं तपासायला तरुण मुलगा हवा होता. काकांनी बैठकीत जाहीरच केलं की या वर्षाच्या शेवटच्या बैठकीत जो सरस ठरेल त्याचं नाव मी कळवीन. पण नाव ठरल्यासारखंच होतं. काका सुखदेवकडं बघून बोलत होते. सुखदेवनं ते घरी सांगितलं असावं, कारण पुढच्या खेपेला त्याच्या आईनं माझ्यासाठी डब्यात पाटोडीची भाजी पाठवली, "तुझ्या दोस्ताले दे, दोघं मिळून खा" म्हणून. मीही घरी सांगितलं. बाबांनी भिंग खाली ठेवलं. "दोघंच आहात ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, "तो हुशार आहे. पण त्यांना सरकारी राखीव जागा आहेत. तुला काय आहे?" आई चुलीपाशी होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. शेवटच्या बैठकीच्या रविवारी सकाळी तिनं सांबारवडी केली. आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ती वडी सणावारीच व्हायची. मला दोन जास्तीच्या वाढल्या.

व्हरांड्यात ऊन तिरपं आलं होतं. काकांनी त्या दिवशी पांढरा कोट घातला होता, कशासाठी कोण जाणे. कडुनिंबावर एक पिंगळा, ते छोटं घुबड, दिवसाढवळ्या ओरडत होता. त्यावरून काकांनी 'लिच-आउल' हा शब्द सांगितला. लिच म्हणजे देह, आणि जे घुबड ओरडलं की घरातून प्रेत निघतं असं जुन्या इंग्रजांना वाटायचं, ते. सगळे हसले. माझी पाळी आधी झाली. मी एक बरा शब्द दिला, तो दाखल झाला. मग सुखदेव उभा राहिला. त्याच्याकडं यू-पूर्वीच्या अक्षरांचे वाटेल तेवढे शब्द होते, हे मला ठाऊक होतं. टेबलावरच्या खंडांत सापडतील असे. त्यानं त्यातला एखादा घेतला असता तर आज मला हे लिहावं लागलं नसतं. पण त्याला त्याचा आवडता शब्द द्यायचा होता, आणि जामिनाची त्याला काळजी नव्हती. जामीन शेजारी बसला होता.

"अन्किड," तो म्हणाला, आणि अर्थ सांगितला, मूळ सांगितलं. मूळ सांगताना त्याचा आवाज थोडा खाली गेला. काका म्हणाले, "सुंदर. कुठं वाचलात?"

"कामठीले, रद्दीच्या दुकानात. पुस्तकाचं कव्हर नव्हतं."

पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, सगळे त्यांना नाना म्हणायचे. ते खोकल्यासारखं हसले. "कव्हर नाही, खंड नाही. शब्द तेवढा आहे. हा घरी तर नाही ना पाडला, खोट्या नाण्यासारखा?"

"नाना," काका म्हणाले. "नियम आहे. जामीन?"

सुखदेव माझ्याकडं न बघताच हसला. त्याला बघायची गरजही वाटली नव्हती.

मी ठरवून बसलेला नव्हतो. हे सांगून मला सूट नको आहे, फक्त जसं झालं तसं सांगतो. मी उठणारच होतो. एक क्षण थांबलो. त्या क्षणात मला बाबांचं खाली ठेवलेलं भिंग दिसलं, आणि हेही दिसलं की मी फक्त बसून राहायचं आहे, बाकी काही करायचं नाही. मग तो क्षण गेला, आणि आता उठलो तर इतका वेळ का बसलो होतो ते सांगावं लागेल असं वाटलं. पिंगळा ओरडत होता. सुखदेवनं मान वळवली. "वसंता, सांग ना गा."

काकांनीही माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही दोघं बरोबर असता. तुम्ही वाचलाय हा शब्द?"

"नाही," मी म्हणालो.

"काय बे," सुखदेव हळूच म्हणाला. "त्या पोत्यांवर बसून. कामठीले."

"कामठीला गेलो होतो. हा शब्द मला आठवत नाही."

तो चिडला असता तर. त्यानं मला शिवी दिली असती, खोटारडा म्हटलं असतं, तर आज माझ्याजवळ त्याच्याविरुद्ध काहीतरी असतं. त्याच्या कपाळाला आठी पडली. किल्ली हरवल्यावर माणूस खिसे चाचपतो तसा तो स्वतःच्या आतच काहीतरी चाचपू लागला. मग म्हणाला, "मग माह्यंच काही तरी चुकलं असन." काकांचं तोंड उतरलं होतं. "खोटी साक्ष" हे शब्द त्यांनी उच्चारले नाहीत, नुसता हात पुढं करून पायऱ्यांकडं दाखवला. सुखदेवनं वाकून चपला घातल्या. एका चपलेचा अंगठा तुटका होता, तो नीट बसेना, आणि आम्ही सगळे तो बसेपर्यंत बघत राहिलो. तो फाटकाबाहेर गेल्यावर नाना 'ह्या लोकांना' अशी सुरुवात करून एक वाक्य बोलले. ते इथं लिहीत नाही. मी त्या वाक्याला मान हलवली.

नोकरी मला लागली. बाबांनी मला जवळ बोलावून चेहऱ्यावरून हात फिरवला. जातीचा यात संबंध नव्हता, नोकरीचा होता, असं मी स्वतःला पुढं बरीच वर्षं सांगितलं. पण सुखदेवच्या जागी त्या व्हरांड्यात दुसरा कोणी मित्र असता, आमच्यातलाच, तर माझं ते 'नाही' इतक्या सहज सगळ्यांना पटलं असतं का? सुखदेवच्या बाबतीत ते सगळ्यांना पटेल हे मला ठाऊक होतं. म्हणूनच ते इतकं सोपं गेलं. सुखदेव त्यानंतर एकदाच घरी आला. मी आतल्या खोलीत होतो. आईला वसंता कामावर गेला आहे असं सांगायला लावलं.

प्रुफं तपासण्याचं काम दोघांचं असतं. एक जण मूळ मजकूर मोठ्यानं वाचतो, दुसरा छापलेल्या कागदावर डोळे ठेवून ऐकतो. माझ्यासमोर वाचणारी माणसं बदलत गेली, पण पहिल्या काही महिन्यांतच मला असं होऊ लागलं की वाचणाऱ्याचा आवाज मध्येच सुखदेवचा व्हायचा. स्पष्ट, त्याच्या त्या थांबण्यासकट. मी मान वर करायचो, समोर दुसराच कोणी. पुढं मी उपसंपादक झालो, मग शब्दांवर दर आठवड्याला सदर लिहू लागलो. लोक आवडीनं वाचायचे. मरून गेलेले कितीतरी शब्द मी त्या सदरात उठवून बसवले. यू अक्षराशी आलो की माझं काहीतरी दुखायला लागायचं आणि मी दुसऱ्या अक्षराकडं वळायचो. एका वाचकानं ते ओळखून विचारलंही होतं. मी त्याचं पत्र खणात टाकलं. शब्द खरा होता याबद्दल मला कधीच शंका नव्हती, पण पुढं दिल्लीच्या एका ग्रंथालयात मी मुद्दाम शेवटचा खंड मागवला आणि ते पान उघडलं. होता. दीड इंचाची नोंद. सुखदेवनं सांगितलेलं मूळ अक्षरशः बरोबर होतं. मी तो खंड बंद केला आणि संध्याकाळ होईस्तोवर तिथंच बसलो. दिवे लागले तरी ती खोली तशीच भकास राहिली, जशी त्यानं कामठीला सांगितली होती.

आता तर खंड लागत नाही. माझी नात मिहानच्या आयटी वसाहतीत एका कंपनीत आहे. गेल्या दिवाळीत ती म्हणाली, "आबा, तुमचा एखादा अवघड शब्द सांगा, मी शोधते." मी तो सांगितला. का सांगितला ते मला कळलं नाही, तोंडून गेला. तिच्या अंगठ्यानं दोन-तीन हालचाली केल्या. "हा बघा. मस्त आहे. तुम्हाला कुठं मिळाला?" मी म्हणालो, एका मित्रानं सांगितला होता. एवढं खरं बोलायलाही मला पन्नासहून जास्त वर्षं लागली. तिनं विचारलं, कोण मित्र. मी पाणी प्यायला उठलो.

त्यानंतरच मी त्याचा शोध घेतला. कठीण नव्हतं, कधीच नसावं. तो कोळसा खाणीच्या कार्यालयात कारकून होता, निवृत्त होऊन कन्हानला घर बांधून राहत होता. थंडीच्या दिवसांत दुपारी मी गेलो. अंगणात खाटेवर बसला होता, गळ्याला मफलर, छातीत घरघर. मला त्यानं लगेच ओळखलं. "अरे वसंता! ये गा, ये. इतक्या वर्षांनी काहून आठवण झाली?" खांद्यावर हात ठेवला, पूर्वीसारखाच. सुनेला हाक मारली, "बाई वं, संत्री आण, चहा ठेव. हे मोठे पत्रकार आहेत, ह्यायचं सदर मी वाचत होतो." मी विचारलं, वाचत होतास? "हाव ना. आधी आधी. मग सोडलं."

मी कुठून सुरुवात करावी ते जुळवत होतो, तर त्यानंच सुरुवात केली. हसत हसत.

"माह्या नातवायले मी सांगतो, न वाचलेलं वाचलं म्हणू नका रे, माह्यासारखी फजिती होईल. तुले आठवते का, त्या वकिलाच्या घरी? काय शब्द होता तो, अन्किड. मी दुसऱ्या दिवशी कामठीले गेलो होतो, माहीत आहे? दुकानदार म्हणे, होतं का नव्हतं मले काय ठाऊक, पुड्या झाल्या असन. मग घरच्या डिक्शनरीत पाहिला, कॉलेजच्या पाहिला. नाही. तरी मले वाटे, वाचला होता बे. पानसुद्धा दिसे. पण मग म्हटलं, वसंता होता ना तिथं. त्याले आठवत नाही, म्हणजे नसनच. तू काहून खोटं बोलशील?"

सून संत्री घेऊन आली होती. ती हसून म्हणाली, "तेव्हापासून ह्यायचा स्वतःवर भरोसाच नाही, काका. ऑफिसमधी एक आकडा लिहिला की शेजारच्याले दाखवे, बरोबर आहे का म्हणून. सगळे हसत. सासूबाई सांगत, भाजीत मीठ टाकलं का हे बी मलेच विचारते म्हणे, स्वतः टाकून."

"खरं आहे," तो म्हणाला. "एकदा तसं झालं ना, की मग आपल्याले दिसलेलं खरंच दिसलं का आपणच मनानं लावलं, हे समजतच नाही. इंग्रजी वाचणं त्याच्यानंच सुटलं माह्यं. शब्द समोर आला की वाटे, हा तरी आहे का." त्यानं संत्र्याची एक फोड सोलून माझ्या हातात दिली. मग जरा पुढं झुकून, आवाज खाली आणून विचारलं, "खरं सांग. तू तर सगळी जिंदगी त्याच धंद्यात होता. कुठं सापडला का रे तुले तो? कधी?"

त्याच्या डोळ्यांत काही आरोप नव्हता. नुसती उत्सुकता होती, त्या पोत्यांवरच्या पोराची. हो म्हणायचं, एवढंच होतं. त्यासाठीच मी बस पकडून आलो होतो. पण हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, आणि तो हात माझ्या खांद्यावरून निघाला असता. सून उभी होती. मी फोड तोंडात टाकली.

"नाही," मी म्हणालो.

"नसनच," तो म्हणाला, आणि मागं टेकला. जणू काही जुना हिशेब मिटला. बराच वेळ आम्ही दुसरंच बोलत राहिलो, गुडघे, पेन्शन, कामठीच्या रस्त्यावरची गर्दी. निघताना त्यानं माझा नंबर मोबाइलमध्ये घेतला आणि मला फाटकापर्यंत सोडलं.

घरी येऊन मी ठरवलं की पुन्हा जायचं आणि बसायच्या आधी, चहाच्या आधी, उभ्यानंच सांगायचं. बोलायचं वाक्य तयार केलं. सुरुवातीला ते लांब होतं. त्यात बाबांचे डोळे होते, मामाची मदत होती, माझं वय होतं. मेट्रोत, बागेतल्या बाकावर, आंघोळ करताना मी ते म्हणून बघायचो आणि दर वेळी त्यातलं काहीतरी गळून जायचं. थंडी संपली, उन्हाळा लागला, कूलर लागले, म्हटलं पाऊस पडला की जाऊ. मग एका सकाळी त्याच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबा गेले. तुमचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये होता." मी बसलेला होतो, बसूनच राहिलो. तोपर्यंत ते वाक्य अगदी लहान झालं होतं आणि त्यात माझं काही उरलं नव्हतं. त्याच्याच बोलीत ते होतं:

सुखदेव, तो शब्द होता गा. कामठीले तू वाचला तेव्हा मी तुह्या खांद्यावरून पाहत होतो. तुले बरोबर दिसलं होतं. वकिलाच्या घरीही मले आठवत होता, अन् कन्हानलेही. मले माफ कर.